साडेसहाच्या सिस्टर

सिस्टर कुणालाही 'कसे आहात' असं विचारत नसत. 'काल रात्री किती वाजता जेवलात?' असं विचारत. फरीदाबादच्या आमच्या कारखान्यात कुणी बोट कापून घेऊन दवाखान्यात आला, तरी पट्टी बांधता बांधता पहिला प्रश्न हाच. जनरल मॅनेजर रक्तदाब मोजून घ्यायला आले, तर त्यांनाही हाच. एकदा टेलिफोनची तार दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी शिडीवरून खाली बोलावून हा प्रश्न विचारला आणि 'ग्यारह बजे' हे उत्तर ऐकून त्याच्या हातात लघवीसाठी बाटली दिली. तो बाटली घेऊन मागच्या फाटकाने निघून गेला तो परत आलाच नाही. आमचा फोन चार दिवस बंद होता.

आडनाव साळवे. मूळच्या नगरच्या, तिथल्या मिशनच्या इस्पितळात शिकलेल्या. नवरा ड्राफ्ट्समन म्हणून फरीदाबादला आला, त्याच्याबरोबर आल्या. तो अकाली गेला आणि त्या इथेच राहिल्या. मूलबाळ नव्हतं. मी कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होतो, म्हणजे दवाखाना माझ्या हाताखाली. कामगार त्यांना 'साढ़े छह वाली सिस्टर' म्हणत. फरीदाबादच्या जुन्या मराठी घरांत मात्र त्यांची आठवण वेगळी निघते. 'साळवे सिस्टर म्हणजे ती ना, चुकीच्या वेळी गोळी दिली आणि एका कामगाराची बोटं गेली?' हे वाक्य मी इतकी वर्षं ऐकत आलो. ते खोटं आहे. ते खोटं मी तयार केलं. मला ऐंशी पूर्ण झाली. आणखी कुणी ते माझ्या तोंडावर म्हणण्याआधी खरं काय ते लिहून ठेवतो.

सिस्टरांचं म्हणणं साधं होतं. काय जेवलात, किती जेवलात हे महत्त्वाचं आहेच, पण कधी जेवलात हेही पाहिलं पाहिजे. आणि मधुमेह असेल तर नक्कीच पाहिलं पाहिजे. हे त्यांना पुस्तकाने शिकवलं नव्हतं. नगरच्या इस्पितळात रोग्यांना रात्रीचं जेवण सहाला मिळे. काहींचे नातेवाईक मात्र घरचा डबा शेवटच्या एस्टीने घेऊन येत, तो नऊ-दहाला पोचे. त्या काळी साखर तपासायची म्हणजे काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसेल तर निळं ते निळंच. असेल तर हिरवं, पिवळं, नारिंगी, आणि फार असेल तर विटेसारखं लाल. शिकाऊ असतानाच त्यांच्या लक्षात आलं की सहाला जेवणाऱ्यांची सकाळची नळी बहुतेक हिरव्यावर थांबते आणि उशिरा डबा खाणाऱ्यांची विटकरी होते. भाकऱ्या दोघांच्या सारख्याच. 'पुस्तकात असेल नसेल,' त्या म्हणत, 'नळीत दिसतंय ना?'

कामगारांना समजावताना त्या दुकानाचा दाखला देत. मला मराठीत दिला होता तो असा: 'पोट म्हणजे किराणा दुकान आहे हो, साहेब. दिवसा हमाल जागे असतात, माल आला की उचलून आत नेतात. संध्याकाळनंतर हमाल घरी जायला लागतात. मग तुम्ही दहा वाजता गाडीभर पोती आणून टाकली, तर ती रात्रभर ओट्यावरच पडणार. तो ओटा म्हणजे तुमचं रक्त.' कंपनीचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. त्यांना हे ऐकून हसू येई. 'सिस्टर, पेट के पास घड़ी नहीं होती,' ते म्हणत. सिस्टर छातीवर टाचलेलं उलटं घड्याळ त्यांच्यापुढे धरत. 'आपके पास तो है न, सर? फिर भी आधा घंटा लेट.'

आमची दुसरी पाळी दुपारी दोन ते रात्री दहा. साडेसहाला अर्ध्या तासाची सुट्टी, तीत चहा आणि मैद्याची खारी मठरी. माणसं घरी पोचून अकराच्या सुमाराला जेवत आणि लगेच झोपत. त्या पाळीत पाच जणांना मधुमेह होता. सिस्टरांनी त्या पाचांना सांगितलं, घरून डबा आणा, साडेसहाला दवाखान्यामागे बसून पोटभर जेवा, रात्री घरी जाऊन काही खाऊ नका. रोट्या तेवढ्याच, डाळ तेवढीच, फक्त वेळ बदला. आणि रोज सकाळच्या लघवीची बाटली कामावर येताना आणा. झालं! सॉसच्या, खोकल्याच्या औषधाच्या, एकाने तर मोहरीच्या तेलाची बाटली आणली. फाटकावरच्या जवानाला वाटलं, दारू आणतात. त्याने एक बाटली उघडून चांगला वास घेतला आणि ती हरपालची निघाली. हरपाल प्रेस शॉपमधला, म्हणजे यंत्राने पत्रा दाबून भाग काढतात त्या खात्यातला; बल्लभगडकडचा, सहा फुटी गडी. तो म्हणाला, 'पी ले भाई, शुगर वाली है, मीठी लगेगी.' त्या दिवशी कारखाना दोनपर्यंत काय, चारपर्यंत हसत होता.

तीन आठवड्यांनी सिस्टर दहा नळ्यांचं लाकडी स्टँड घेऊन माझ्या केबिनमध्ये आल्या. मी डबा उघडून बसलो होतो. त्यांनी स्टँड माझ्या पोळीभाजीशेजारी ठेवलं. 'ही मागची ओळ आधीची, ही पुढची आत्ताची.' मागे पाच नळ्या नारिंगी आणि विटकरी. पुढे तीन हिरव्या, एक पिवळी, एक तशीच लाल. मी नाक धरून म्हणालो, 'सिस्टर, अहो, जेवतोय मी!' त्या म्हणाल्या, 'जेवा ना. एक वाजलाय, जेवायचीच वेळ आहे. पण या माणसांचंही बघा.' मग त्या लाल नळीकडे बोट दाखवून स्वतःहून म्हणाल्या, 'याला फरक पडला नाही. सगळ्यांना पडेलच असं मी म्हणत नाही. याला डॉक्टरांकडे पाठवा.' हा प्रामाणिकपणा मी लक्षात ठेवायला हवा होता. ज्या बाईने स्वतःविरुद्धची नळी लपवली नाही, तिच्याविरुद्ध मी काय काय लपवलं ते पुढे सांगतोच.

दुसऱ्या पाळीला साडेसहाला कँटीनचं जेवण सुरू झालं ते असं. वर पाठवलेल्या टिपणात मी 'कामगार कल्याणाची माझी योजना' असं लिहिलं. सिस्टरांना ते कळलं. त्यांनी एवढंच म्हटलं, 'नाव कुणाचंही लावा, रोट्या गरम द्यायला सांगा.'

त्यांचं ऐकून काही जण अतिरेक करत, तेव्हा त्या खवळत. एका फिटरने संध्याकाळचं जेवणच सोडलं आणि तो चक्कर येऊन पडला. सिस्टरांनी त्याला साखरपाणी पाजलं आणि मग अख्ख्या कँटीनसमोर झापलं: 'मैंने जल्दी खाने को बोला था, भूखा मरने को नहीं! उपवास करना है तो पंडित से पूछो, मुझसे नहीं.' आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत त्या आरतीला यायच्या. महाप्रसादाची पंगत दहाला बसे. एका वर्षी त्यांनी सेक्रेटरींना सगळ्यांदेखत विचारलं, 'बाप्पाला नैवेद्य सहाला आणि भक्तांना पान दहाला? बाप्पाची शुगर तुम्हाला कळते, आमची नाही?' बायका खो खो हसल्या. सेक्रेटरी हसले नाहीत. या बाईच्या मागे लोक काय बोलतील याची तयारी तिथेच झाली होती, हे मला आता कळतं.

मग देश खुला झाला. फरीदाबादेत जो तो परदेशी भागीदार शोधू लागला. आमच्या मालकांनाही मिळाला. पलीकडे गुडगावला काचेच्या इमारती उठू लागल्या आणि आमचे नवे वर्क्स मॅनेजर तिकडूनच आले होते: चाळिशीच्या आतले, कमरेला पेजर. त्यांचं एकच वाक्य होतं, 'लाइन नहीं रुकनी चाहिए.' लाइन म्हणजे प्रेस शॉप. परदेशी पाहुण्यांना तेच दाखवायचं होतं. साडेसहाला अर्धा तास मशिनं थांबतात हे त्यांना खुपायचं. 'यार केतकर, दुनिया चौबीस घंटे चल रही है और हम खाना खा रहे हैं.' मी हसलो. मला माझी नोकरी प्रिय होती आणि सेक्टरातलं नवं घर अर्धवट बांधून पडलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. कारण म्हणून ते पुरत नाही.

वेळ बदलण्याची कुजबुज सिस्टरांच्या कानावर गेली. त्यांनी मला पत्र दिलं. मराठीत, हाताने लिहिलेलं, स्वतः आणून. ऑफिसचं सगळं काम इंग्रजीत नाही तर हिंदीत चाले. इंग्रजीत दिलं असतं तर ते टायपिस्टकडून आवक-जावक रजिस्टरात चढलं असतं, त्याला नंबर पडला असता. पण त्यांचं इंग्रजी बेताचं, आणि समोर आपला माणूस बसलेला. 'तुम्ही आहात म्हणून मराठीत लिहिलं हो, साहेब. मनातलं नीट उतरतं.' हरियाणातल्या त्या कारखान्यात ते पत्र वाचू शकणारा माझ्याशिवाय एकही माणूस नव्हता. त्यांनी केलेली चूक म्हणाल तर ही एकच: मराठी माणूस म्हणून माझ्यावर विश्वास ठेवला.

पत्र आजही माझ्याकडे आहे. त्यातला मजकूर असा: 'दुसऱ्या पाळीतले चार जण डायबेटिसची गोळी संध्याकाळी सहाला माझ्यासमोर घेतात, कारण जेवण साडेसहाला असते. गोळी पोटात गेल्यावर जेवण मिळाले नाही तर साखर एकदम खाली येते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणसाला आपण काय करतो ते कळत नाही. यातले दोघे प्रेसवर आहेत. तरी जेवणाची वेळ एक दिवसापुरतीही बदलायची असल्यास मला आधी कळवावे. म्हणजे मी गोळी थांबवून डॉक्टरांना विचारीन. एवढी कृपा करावी.' खाली सही. कोपऱ्यात 'पाहिले' असं लिहून मी केलेली सही.

पाहुणे आले त्या दिवशी दुपारी चारला वर्क्स मॅनेजरांनी मला सांगितलं, पाहुणे सहा ते आठ प्रेस शॉपमध्ये असतील. बाकी कारखान्याला नेहमीसारखी सुट्टी, फक्त प्रेस शॉपचं जेवण साडेआठला. मी कँटीनवाल्याला सांगितलं. सुपरवायझरला सांगितलं. टेबलावर फोन होता; दवाखान्याचा नंबर दोन आकडी. तो मी फिरवला नाही.

पंचवीस-तीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो की गडबडीत राहून गेलं. बायकोला, शैलाला, तेच सांगितलं. ते खरं नाही. माझा हात फोनवर होता. सिस्टरांना कळलं तर त्या तरातरा प्रेस शॉपमध्ये येतील, पाहुण्यांच्या समोर छातीवरचं घड्याळ दाखवतील, तमाशा होईल, हे मला स्पष्ट दिसलं, आणि मी हात काढून घेतला. एक दिवसाने काय होतंय, असं म्हणालो. ज्या 'एक दिवसा'बद्दल त्यांनी लिहून दिलं होतं, तोच दिवस.

सहाला हरपाल नेहमीप्रमाणे दवाखान्यात जाऊन गोळी घेऊन आला. साडेसहाला भोंगा वाजला. सिस्टरांना वाटलं, सगळे जेवायला गेले. प्रेस शॉपमध्ये सुपरवायझरने माणसांना सांगितलं, मशिनवरून हलायचं नाही, थोड्या वेळाने जेवण. आठला पाहुणे चहासाठी वर गेले. सव्वाआठला हरपालचा उजवा हात डायमध्ये, प्रेसच्या साच्यात, राहिला आणि पाय पेडलवर पडला. तीन बोटं.

सिस्टर धावत आल्या. हरपाल घामाने निथळत होता आणि काहीतरी असंबद्ध बडबडत होता. लोकांना वाटलं, वेदनेने. त्यांनी आधी त्याच्या गालाच्या आत साखर चोळली, मग हाताला दाब दिला, आणि जीपमध्ये चढता चढता वळून मला विचारलं, 'साहेब, हे जेवले नाहीत?' मी म्हणालो, 'नंतर बोलू.' जीप निघून गेली. मशीन तासाभरात धुऊन झालं. पाहुण्यांना काही कळलं नाही, याबद्दल वर्क्स मॅनेजरांनी माझा हात हातात घेऊन आभार मानले. मी ते स्वीकारले!

चौकशी झाली. समितीत वर्क्स मॅनेजर, कंपनीचे डॉक्टर आणि मी. म्हणजे ज्याने वेळ बदलली तो, जो आठवड्यातून दोनदा येई तो, आणि ज्याने कळवलं नाही तो. यापेक्षा निर्लज्ज समिती मी पाहिली नाही, आणि मी तिच्यात बसलो होतो. सिस्टर म्हणाल्या, 'मैंने लिखकर दिया था. केतकर साहब के पास चिट्ठी है.' दोघांनी माझ्याकडे पाहिलं. पत्र आदल्याच दिवशी मी घरी नेऊन कपाटात ठेवलं होतं. मी म्हणालो, 'नो सच लेटर इज ऑन रेकॉर्ड.'

 सिस्टर माझ्याकडे वळून, त्या दोघांना न कळणाऱ्या आमच्या भाषेत म्हणाल्या, 'साहेब, हेच जरा मराठीत सांगा. पत्र दिलं नाही म्हणून मराठीत सांगा मला.'

मी समोरच्या कागदावर काहीतरी लिहीत राहिलो. डॉक्टरांनी विचारलं, 'क्या कह रही हैं?' मी म्हणालो, 'नथिंग. शी इज अपसेट.'

निष्कर्ष मीच लिहिला: जेवण उपलब्ध आहे याची खात्री न करता परिचारिकेने गोळी दिली. त्यांना राजीनामा द्यायला लावला. महिन्याभरात प्रेस शॉपची सुट्टी कायमची साडेआठला गेली. 'कामगारांच्या सोयीसाठी' अशी नोटीस लागली, खाली माझी सही. सिस्टरांवरच्या ठपक्याची खबर मराठी मंडळात कोणी नेली हे मी सांगू शकत नाही, पण ती तिथे पोचली तेव्हा मी तिथे होतो आणि तीळगूळ खात होतो. एक बाई म्हणाली, 'नाही तरी फार शहाणपणा करायच्या.' सेक्रेटरी म्हणाले, 'बाप्पाची शुगर काढायला निघाल्या होत्या.' सगळे हसले. शैलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, 'जाऊ दे, तिची चूक झाली खरी.' त्यानंतर त्यांना संक्रांतीचं, गणपतीचं आमंत्रण गेलं नाही. कुठल्याही कारखान्याने त्यांना घेतलं नाही. एका छोट्या नर्सिंग होममध्ये रात्रपाळी मिळाली. सहाला जेवणाऱ्या बाईला नोकरीची शेवटची वर्षं रात्री जागून काढावी लागली.

निवृत्तीनंतर मी मुलाकडे राजधानीतल्या द्वारकेला आलो. तोवर मलाही मधुमेह झाला होता. एका संध्याकाळी पुण्याच्या एका नातलगाला भेटायला कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात गेलो, तर कँटीनमध्ये सिस्टर. नगरहून आलेल्या भाचीची वाट पाहत होत्या, समोर भाकरी आणि पिठलं. केस पूर्ण पांढरे. मी पाय मागे घेत होतो, तेवढ्यात हाक आली. 'केतकरसाहेब! या, बसा. काल रात्री किती वाजता जेवलात?'

मी म्हणालो, 'साडेनऊ. सीरियल संपल्यावर.' त्यांनी माझी गोळी कोणती, सकाळची साखर किती, सगळं विचारून घेतलं. वहिनी कशा आहेत विचारलं. मग सांगितलं, दुपारचं जेवण भरपेट करा, संध्याकाळचं सातच्या आत आणि हलकं, नंतर जरा चाला. 'आणि एक. डॉक्टरांना आधी सांगा बरं का, जेवणाची वेळ बदलतोय म्हणून. गोळीची वेळ मनाने बदलायची नाही.' हे वाक्य त्यांनी मला टोचायला म्हटलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. टोचायला म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं. पत्र घरी कपाटात होतं. मी त्यांना थँक यू म्हणालो आणि नातलगाचं निमित्त करून उठलो.

त्यांनी सांगितलं तसं केलं. तीन-चार महिन्यांत माझी सकाळची साखर इतकी उतरली की डॉक्टर म्हणाले, 'वा, अंकल, क्या किया?' मी म्हणालो, 'बस, थोड़ा डिसिप्लिन.' तिथेही त्यांचं नाव घेतलं नाही! या हरामखोरीला शब्द नाही. काही वर्षांनी कळलं की सिस्टर गेल्या. ते मला दोन महिन्यांनी कळलं, तेही भाजीच्या दुकानात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये एका तरुण बाईंचं व्याख्यान झालं. पडद्यावर चित्रं, हातात माइक. रात्रीचं जेवण सूर्य मावळायच्या सुमाराला संपवा, खाण्याची 'विंडो', म्हणजे दिवसातले खाण्याचे तास, लवकरची ठेवा, त्याने रक्तातली साखर ताब्यात राहायला मदत होते. लोक वह्या काढून लिहून घेत होते. माझी सून माझ्या कानात म्हणाली, 'बाबा, बघा ना, किती नवीन आहे हे!' माझं डोकं तडकलं. नवीन? या एका गोष्टीसाठी एका बाईने बाटल्या गोळा केल्या, नळ्या उकळल्या, डॉक्टरांचं हसू सोसलं, आणि तिचं नाव आम्ही मातीत घातलं. आणि इथे टाळ्या! व्याख्यात्या बाईंची काही चूक नाही. त्या बरोबरच सांगत होत्या. त्या सांगू शकत होत्या, कारण त्यांच्यावर माझ्यासारखा कुणी साहेब नव्हता.

दुसऱ्याच आठवड्यात मी मुलाला गाडी काढायला लावली आणि बल्लभगडच्या पुढे हरपालच्या गावी गेलो. तो अंगणात खाटेवर बसला होता. म्हणाला, 'पहचान लिया, केतकर साब. आवाज वही है.' मी सगळं सांगितलं. फोनचं, पत्राचं, कपाटाचं. तो ऐकून घेऊन म्हणाला, 'सिस्टर तो कहती थीं, केतकर साब भूल गए होंगे. हर दिवाली आती थीं, हर बार यही. कहती थीं, आदमी है, भूल जाता है.'

'भूला नहीं था, हरपाल. जानबूझकर नहीं बताया.'

 त्याच्या सुनेने आणलेला चहा त्याने डाव्या हाताने माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, 'तो मुझे क्यों बता रहे हो? हमारे यहाँ तो किसी ने उनको एक दिन भी गलत नहीं कहा. पूरी प्रेस शॉप जानती थी. कहा तो आपके मराठी लोगों ने कहा. उन्हीं की बात उनको लगती थी. उनको जाके बताओ.'

मी गेलो. फरीदाबादच्या मंडळाच्या पुढच्या सभेत उभा राहून सगळं सांगितलं, पत्र वाचून दाखवलं.  आणि मग काय व्हावं? अध्यक्षांनी येऊन मला मिठी मारली. 'काका, केवढं मोठं मन तुमचं! या वयात असं कबूल करायला धाडस लागतं.' टाळ्या पडल्या. मला शाल आणून घातली. एका बाईने माझ्या पायाला हात लावला. मी ओरडलो, 'अहो, मला कसल्या टाळ्या देता!' तर लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला भरून आलंय; कुणीतरी पाणी आणलं. मी शाल खुर्चीवर टाकून बाहेर आलो.

त्या सभेत साठ-सत्तर माणसं होती. त्यातल्या एकानेही विचारलं नाही की त्या बाईचं पुढे काय झालं, त्या कुठे राहत होत्या, त्यांचं पूर्ण नाव काय. म्हणून हे लिहावं लागलं. त्यांचं नाव शांता भास्कर साळवे. हरपालला गोळी त्यांनी सहा वाजता दिली, जेवणाच्या अर्धा तास आधी, द्यायची तशीच दिली. जेवण मी थांबवलं होतं.